मटक्यामागची जागा

नळाला पाणी यायच्या वेळी पंचफुलाबाई कधी बसून राहिल्या नाहीत, आणि प्लास्टर काढून चारच दिवस झाले होते तरी त्या सकाळीही राहिल्या नाहीत. बादलीला हात लावायचा नाही अशी सून रोशनीची ताकीद होती. त्यांनी बादलीला हात लावला नाही. तांब्या-तांब्याने पाणी ओतून टाकी भरली, ओटा पुसला, अंगणात जाऊन आल्या आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसला. रोशनी शाळेत शिकवायची, आणि सुट्टीतही तिचे उन्हाळी वर्ग चालू होते. डबा भरता भरता ती हे सगळं बघत होती.

डावं मनगट सहा आठवडे बांधून राहिल्याने काटकुळं झालं होतं. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितलं होतं. पंचफुलाबाईंनी चेंडू फडताळात टाकला आणि कणकेचा गोळा घेतला. चेंडू दाबून बोटांना काय कळणार, त्यांचं म्हणणं. कणीक कुठवर ताणली जाते ते कळलं पाहिजे. गोळा तीन-चार वेळा दाबायचा, ठेवायचा, दारापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा उचलायचा, असं चाललं होतं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दार उघडंच होतं. नाचणगावात सकाळी दारं लावत नाहीत. येणारा फाटकातूनच हाक मारतो. उघड्या दारावर टकटक करणारा म्हणजे बँकेचा माणूस, नाहीतर वाईट बातमी आणणारा. पंचफुलाबाईंनी वळून पाहिलं तर पुलगावचा मुकेश केटरर उभा. बापाच्या काळापासून ह्या घरी येणारा, फाटकातूनच ‘मावशी, चाय मांडा’ म्हणत शिरणारा पोरगा आज चौकटीवर बोट वाजवून थांबला होता.

बावीस वर्षं पंचफुलाबाई लग्नांतून लंबी रोटी करत आल्या. सैलसर भिजवलेली कणीक परातीत आपटून आपटून रबरासारखी करायची, मूठभर गोळा ह्या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या मटक्यावर अलगद सोडायचा. पाहुणे जेवण सोडून बघत उभे राहतात. पुलगाव ते वर्धा कुठलंही मोठं लग्न असो, मटक्यामागची ती जागा पंचफुलाबाईंची, हे न बोलता ठरलेलं होतं.

एप्रिलमध्ये पिपरी मेघेच्या एका लग्नाच्या लॉनवर तीन चुली पेटल्या होत्या आणि ऊन चव्वेचाळीस डिग्रीचं होतं. रोटी दोन्ही हातांवर असतानाच सगळं पिवळं पिवळं दिसायला लागलं. पुढचं आठवत नाही. भुवईवर चुलीची वीट लागली, पाच टाके पडले. मनगट अंगाखाली आलं, मोडलं. पण त्यांना टाके आठवत नसत. शुद्धीवर येताना नाकाशी आलेला चप्पलेचा वास आठवे. फेफरं आलं समजून कोणीतरी पायातली चप्पल काढून त्यांना हुंगवली होती. भोवती नटलेली माणसं, वर धरलेले मोबाइल, आणि मागून कुणाचा तरी आवाज, की बाईले मिरगी आहे वाटते. त्या घरी यायच्या आधी मिरगी नाचणगावात पोहोचली होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टरने विचारलं होतं, पाणी किती प्यायलात. शेजारी मुलगा रत्नदीप उभा. त्यांनी सांगून टाकलं, भरपूर. मग सगळ्या तपासण्या झाल्या आणि कशातच काही सापडलं नाही. कारणच नाही म्हटल्यावर लोकांनी दिलेलं कारण चिकटून बसलं.

मुकेश खुर्चीच्या काठावर बसला. रोशनीने दिलेला चहा हातात धरून आधी हाताची चौकशी केली, मग उन्हाची, मग पुन्हा हाताची. शेवटी मुद्दा निघाला. महिनाअखेरीस सेलूला लग्न होतं, पार्टीला, म्हणजे लग्नघरच्यांना, लंबी रोटी हवी होती. त्याने एक बाई शोधली होती, हात बरा होता तिचा. पण नव्या मटक्यावर रोटी चिकटत होती. मावशींचा चार सिझन तापलेला मटका मिळाला असता तर काम झालं असतं.

“फक्त मटका पायजे, मावशी,” तो चहाकडे बघत म्हणाला. “तुमाले तरास नाई.”

पंचफुलाबाई मागच्या खोलीत गेल्या. मटका गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. गाठ सोडली, बांधली, पुन्हा सोडली. रोशनी मागोमाग आली आणि हलक्या आवाजात समजावू लागली. द्या देऊन, विस्तवाजवळ पुन्हा असं झालं तर काय करायचं. रत्नदीपही तेच म्हणत होता. ती चुकीचं बोलत नव्हती. तिला तरी खरं कुठे माहीत होतं?

मटका दोन्ही हातांनी उचलून त्या बाहेर आल्या. मनगट ठणकलं, पण धरून राहिलं. मुकेश घ्यायला उठला. त्यांनी मटका त्याच्या हातात दिला नाही, आपल्या पायाशी उपडा ठेवला.

“मले मिरगी नाई, मुकेश.”

“मी कुठं म्हनलो, मावशी?”

“तू टकटक केली नं आज.”

पंचफुलाबाई ओट्यापर्यंत गेल्या, कणकेचा गोळा घेऊन आल्या. बसवेना त्यांना.

“आदल्या सांजेपासून पाणीच नोतं पेलं मी. दोन घोट चाय, बस.”

“काऊन? उपास होता?”

“उपास कायचा? लॉनवर बाईनं जावं कुठं?”

एकदा तोंड उघडल्यावर मग राहवलं नाही. संडास पाहुण्यांच्या खोल्यांत, खोल्यांना कुलूप, किल्ली नवरीकडच्यांकडे. पुरुष भिंतीमागे जाऊन येतात. बाई अर्ध्या कामातून कणीक टाकून उठली, तर रोटीच्या रांगेतले विचारतात कुठे गेली. म्हणून आदल्या सांजेपासून पाणी बंद. हे त्यांना मटका शिकवणाऱ्या बाईनेच शिकवलं होतं, आणि त्यांनीही पुढे दोघी-तिघींना शिकवलं होतं. बावीस वर्षं निभलं. ह्या वर्षी अंगाने ऐकलं नाही. आणि चारचौघांत, पोरासमोर, त्या डॉक्टरला हे सांगायचं तरी कसं?

पाहुण्यांसाठी कूलर किती, डीजेवाल्याला सावली कुठे, सगळं मुकेश मोबाइलमध्ये लिहून ठेवायचा. हे त्या यादीत कधी आलंच नव्हतं. रोशनीने भरलेली बाटली डब्याशेजारी ठेवली आणि त्या बाटलीकडे बघत राहिली. शाळेतून ती बाटली रोज अर्धीअधिक भरलेलीच परत येत असे.

पंचफुलाबाईंनी गोळा उजव्या हातावरून डाव्यावर टाकला. झुलवला. कणीक उतरत गेली, कोपरापर्यंत आली, आणि मनगटापाशी एका जागी फाटली. त्यांनी ती गोळा करून पुन्हा टाकली. ह्या वेळी फाटली नाही, पण कोपराच्या चार बोटं आधीच थांबली, आणि ते तिघांनाही दिसलं.

“आधी डॉक्टरले जाऊन खरं सांगतो,” त्या म्हणाल्या. “तो हो म्हनला तं सेलूले येतो. त्या बाईलेबी आनजो, अर्धा टाइम ते बसंन, अर्धा टाइम मी. तिले कणीक सैल ठेवा लागते हे कोनी सांगतलं नसंन.”

मुकेश म्हणाला की चालेल. गाडी दारापर्यंत पाठवतो, उंच पाट आणतो, चुलीच्या वर सावलीला ताडपत्री बांधतो. आणखी काय पाहिजे तेही त्याने विचारलं.

“बायांसाठी एक संडास उघडा ठेवजो,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “आतून कडी लागनारा.”