धुऱ्यावरची तूर

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भिलाईत, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या ब्लॉकने बाजारातली तूरडाळ घेणे बंद केले. त्याचे कारण एका दुपारी आमच्याच स्वयंपाकघरात सापडले. आई ताटात डाळ निवडत बसली होती. वरच्या मजल्यावरच्या काकू विरजण मागायला आल्या, ताटाजवळ टेकल्या आणि चिमूटभर डाळ उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली.

"हे कुठून आणली वो वहिनी?"

"मार्केटातून. कावून?"

"अर्धी लाखोळी हाय यात."

आई वर्धेकडची, कापूस आणि तुरीच्या मुलखातली. तिने लाखोळी कधी पाहिली नव्हती. काकू भंडाऱ्याकडच्या, धानाच्या मुलखातल्या. त्यांच्या माहेरी लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी होत असे. तुरीच्या डाळीचा दाणा गोल आणि फुगीर. लाखोळीचा चपटा, कोपरे असलेला, पाचरीसारखा. काकूंनी दोन्ही दाणे आईच्या तळहातावर शेजारी ठेवले. एकदा दाखवल्यावर फरक न दिसणे शक्य नव्हते.

छत्तीसगढमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या या भागात, लाखोळीला तिवरा म्हणतात. शेतात धान उभे असतानाच ओल्या चिखलात तिवऱ्याचे बी फेकतात. त्याला वेगळी नांगरट लागत नाही, खत लागत नाही. धान कापले की खालून ते वर येते. थोडे खाल्ले तर काही होत नाही. पण तंगीत महिनोन्‌महिने तेच मुख्य अन्न झाले तर काही जणांचे पाय आखडतात आणि पुन्हा सुटत नाहीत. जवळच्या उतई गावाच्या बसथांब्यावर काठीच्या आधाराने, टाचा न टेकवता चालणारा एक माणूस आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. तोपर्यंत सगळे म्हणत, त्याला पोलिओ झाला असेल. त्या दुपारनंतर ब्लॉकमध्ये प्रत्येकाला खात्री पटली की कारण तिवराच. खरे काय ते त्याला कोणीच विचारले नाही.

पुढे वर्तमानपत्रात असताना मी भेसळीच्या बातम्या लिहिल्या. त्यांत छापा असे, नमुना असे, खटला असे. आमच्या ब्लॉकच्या गोष्टीत यातले काही नव्हते. दुकानदाराने हात वर केले, माल वरूनच असा येतो म्हणाला, आणि ते कदाचित खरेही असावे.

महिनाभर ब्लॉकमध्ये मूग आणि मसूर शिजली. विदर्भातल्या माणसाला तुरीच्या वरणाशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही. वडील कारखान्यात कारकून होते. ताटावर बसले की विचारत, "आजही आजाऱ्याचंच जेवण काय?"

रोज सकाळी भाजी घेऊन येणारी बाई उतईच्या पलीकडच्या एका गावची होती. डोक्यावर टोपली, तीत लालभाजी, मुळे, कोथिंबीर. बायकांचे डाळीचे बोलणे तिच्या कानावर रोज पडत होते. एक दिवस तिने टोपलीच्या तळातून फडक्याची पुरचुंडी काढून आईपुढे सोडली. आत अख्खी तूर होती, बारीक आणि तांबूस.

"हमर मेड के राहेर आय, बाई."

तूर म्हणजे राहेर, आणि मेड म्हणजे आपला धुरा, दोन बांध्यांमधला, धानाच्या खाचरांमधला, बांध. आईच्या माहेरी तूर कपाशीच्या ओळींमध्ये पेरत. धानाच्या बांधीत पाणी उभे राहते, तिथे तूर जगत नाही; म्हणून इकडे ती उंच धुऱ्यावर लावतात. त्या बाईचे आणि तिच्या नवऱ्याचे शेत लहान होते. धुऱ्यावरची तूर दरवर्षी उतईचा व्यापारी घेऊन जाई.

त्या वर्षी ती आम्ही घेतली. एक पोते आले, सहा घरांनी वाटून घेतले. आता ती भरडायची कशी, हा प्रश्न होता. चक्कीवाल्याने नकार दिला. शेवटी काकूंच्या भावाच्या रेल्वे क्वार्टरमधून, चरोद्याहून, जाते आले. तिथे त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली होती. तुरीला तेलपाण्याचा हात लावून, दोनतीन उन्हे दाखवून भरडायचे काम आमच्या मधल्या मजल्यावर सुरू झाले, आणि पहिल्याच दुपारी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ लुंगीवर जिना चढून आले. ते भट्टीवर कामाला होते आणि त्या आठवड्यात त्यांची नाइट शिफ्ट होती.

"भाभीजी, रात को फर्नेस, दिन में ये. हम सोएँ कब?"

"भाऊसाहेब, डाळ पाठवतो तुमच्याकडं," काकू म्हणाल्या.

"डाल नहीं, नींद भेजिए."

जाते दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात, नळाजवळ गेले. भरडणीच्या वेळा त्यांच्या शिफ्टप्रमाणे ठरू लागल्या. डाळ त्यांच्याकडेही गेलीच. भरडून उरलेली चुनी भाजीवाली परत नेत असे, तिच्या म्हशीसाठी.

डाळ चांगली होती. बाजारच्या डाळीसारखी पिवळीधमक नव्हती, पण लवकर शिजे आणि वासावरून शेजारच्या ब्लॉकला कळे. उन्हाळा संपण्याआधी समोरच्या ब्लॉकनेही सांगून ठेवले: पुढच्या वर्षी आमालेही. भाजीवालीने विचारले, नक्की? सगळ्या म्हणाल्या, नक्की. त्या शब्दावर तिने आणि तिच्या नवऱ्याने पुढच्या पावसाळ्यात धुरे रिकामे सोडले नाहीत. दिराच्या शेताचे धुरेही त्यांनी मागून घेतले. फागुनात पीक निघाले तेव्हा व्यापाऱ्याचा माणूस दारात आला होता. त्याला त्यांनी माल दिला नाही.

होळीनंतर बैलगाडी आमच्या ब्लॉकसमोर उभी राहिली. नवरा गाडी हाकत होता, बाई पोत्यांवर बसली होती. ती गाडी पाहायला पोरे जमली. समोरच्या ब्लॉकच्या बायका परातीच घेऊन आल्या. पहिल्या पोत्याचे तोंड सोडून बाईने दोन ओंजळी तूर परातीत ओतली, आणि समोरच्या ब्लॉकमधल्या एका बाईंनी, त्यांचे यजमान अधिकारी होते, त्यात बोट फिरवून एक दाणा वर काढला. करडा, पाचरीसारखा.

"हे पहा. लाखोळी."

मग दुसरा निघाला. मग तिसरा. फार नव्हते, पण होते.

"पाहिलं? एक वर्ष चांगलं देलं, आता आपल्यालेच टोपी घालून राहिली."

"मी म्हणत होती न, गाववाले काही कमी नसतात."

भाजीवाली गाडीवरून उतरली. "दगा नइ करे हन, बाई," ती म्हणाली. आम्ही फसवले नाही. एवढेच. तिच्या नवऱ्याने तर वर पाहिलेच नाही, तो बैलाच्या गळ्यातली दोरी सारखी करत राहिला. समोरच्या ब्लॉकच्या बायका रिकाम्या पराती घेऊन परत फिरल्या. आमच्या ब्लॉकच्या बायका जिन्यात थांबल्या. आईही त्यांच्यातच होती. गेल्या वर्षी या तुरीचे कौतुक सगळ्यांना सांगत फिरली होती ती तीच.

बाईने पोत्याचे तोंड पुन्हा बांधायला घेतले. तेवढ्यात काकू खाली आल्या.

"हे आता कुठं नेसान?"

नवरा पहिल्यांदा बोलला. "सेठ ले जाही. अउ कोन?"

काकू वळल्या. त्या मोठ्याने बोलणाऱ्या नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांचा आवाज समोरच्या ब्लॉकपर्यंत गेला. "आयकलं काय? हे व्यापाऱ्याकडं जाईन. तो यात आणखी लाखोळी टाकीन, भरडीन, अन् तेच मार्केटातून पिशवीत घालून आणसान तुमी. आता दाणा दिसून राहिला, वेचता येते. भरडल्यावर काय वेचसान, कपाळ?"

आईने जिन्यातून पुढे येऊन पोत्याची गाठ सोडली. अंगणात चादरी अंथरल्या गेल्या. आमच्या ब्लॉकच्या बायका बसल्या, भाजीवाली बसली, थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरचे गृहस्थही उकिडवे बसून वेचू लागले. अधिकाऱ्याच्या पत्नी शेवटी आल्या, स्वतःचा पाट घेऊन.

"बसा, बसा," काकू म्हणाल्या. "दाणा ओळखता तं येते तुमाले. तुमच्याइतकं कोणाले येत नाही."

त्यावर हसू फुटले, आणि त्या बाईही हसल्या. तूर त्या दिवशी सगळी उतरली.

दाणे आले कुठून, हे पाहायला पुढच्या रविवारी आई, काकू आणि आणखी दोघी उतईच्या बसने गेल्या. मी बरोबर होतो. तेव्हा दुर्गला कॉलेजात शिकत होतो. बसथांब्यापासून गाव चालत जाण्याच्या अंतरावर होते. घराला लागून बियारा, म्हणजे खळे. शेणाने सारवलेले, काट्यांचे कुंपण घातलेले. एका कोपऱ्यात तुरीचा वाळलेला पाला, शेजारी तिवऱ्याचा ढीग. दोन्ही पिके एकाच सुमारास निघतात आणि त्यांना बियारा एकच होता. तिवरा आधी झोडला होता, तूर त्यावर आली होती. भेगांमध्ये अडकलेले दाणे तुरीबरोबर झाडले गेले. गेल्या वर्षी तूर इतकी कमी होती की ती अंगणातच बडवली होती. यापेक्षा वेगळे काही रहस्य नव्हते.

"आधी तूर झोडा, मंग हे," काकू म्हणाल्या. बाईने मान हलवली. मधे एकदा सारवून घेऊ, ती म्हणाली.

पण आईचे लक्ष बियाऱ्यात नव्हते. तिला पाणी द्यायला भाजीवालीने घरात नेले होते. चुलीवर भाताचे भांडे होते आणि बाजूला डाळीचे. झाकण थोडे सरकलेले होते, आणि आत आईला तिवऱ्याचे पाचरीसारखे दाणे दिसले. बाहेर आल्यावर तिने विचारले, "तुमी घरी तिवराच खाता?"

"जौन खेत म होथे, तौने ल खाथन."

जे शेतात होते तेच खातो.

"तूर बी तं तुमच्याच शेतात होते न."

बाई हसली. तूर विकायची असते, असे त्या हसण्यात होते. परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली आणि सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलली: "आपण आपल्यापुरतं वेचलं फक्त." काकूंनी मान डोलावली. दोघींपैकी कोणालाही पुढचे काय ते ठाऊक नव्हते. तिवरा पेरू नका म्हणणे सोपे होते. बैलांचा चारा त्याच्यातूनच निघत होता.

वैशाखात, अक्ती झाल्यावर दोन दिवसांनी भाजीवाली आली. अक्ती म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. त्या भागात शेतीचे वर्ष तिथून सुरू होते आणि बियाण्याचा विचार तेव्हाच करतात. डोक्यावर टोपली नव्हती. ती आमच्या दारात बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली की या वर्षीही धुरे भरायचे ठरले आहे, पण एक सांगायचे आहे. ते तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळत, तरी सरळ आईकडे पाहत सांगितले.

"एसो पहिली घर बर राखहूं, तेकर पाछू तुंहर."

या वर्षी आधी घरासाठी ठेवीन, मग तुमचे.

आई क्षणभर थांबली नाही. "ठेवा न, बाई. आधी घरचं."

वर काकूंना हाक गेली, समोरच्या ब्लॉकलाही निरोप गेला. अधिकाऱ्याच्या पत्नींनी विचारले, मग आमाले कमी येईन काय? काकू म्हणाल्या, येईन. त्या बाईंनी थोडा विचार केला आणि त्या म्हणाल्या, "चालते. हप्त्यातून एक दिवस मूग खाऊ."

पुढच्या फागुनात गाडी आली ती थोडी हलकीच होती. परातीत ओतलेल्या तुरीत बोट फिरवले गेले, सवयीने. त्यात निघाला तो फक्त एक खडा. भाजीवाली तोवर काकूंना सांगत होती की सासूला धुऱ्यावरच्या तुरीचे वरण आवडले आहे आणि आता ती रोज मागते, घरात ठेवलेली तूर आषाढापर्यंत पुरते की नाही कोणास ठाऊक.