बाबांच्या वाटीतलं तेल

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला तर मी शिंक आली तरी सांगतो.

सेलूला आमच्या घरी कार्य असलं, की मी तास-तास उकिडवा बसून भाजी चिरतो. वहिनी म्हणते, "भाऊजी, पन्नाशी आली, गुडघे काय लोखंडाचे हायेत तुमचे?" मग मला चेव येतो. मालिशनं रक्त खेळतं, सांधे मोकळे राहतात, झोप लागते — सगळं ऐकवतो. "बापाची सेवा केली त्यानं, अंगी लागली," माय कौतुकानं सांगते. मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. शी!

नव्वदच्या दशकात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोक्यावर वांग्यांचं पोतं घेऊन बाजार गाठणारा माणूस बाजेवर आला. वैद्यबुवांनी पाय दाबून पाहिला. "जीव हाये अजून यात. रोज चोळजो, खालून वर. आखडला तर मंग सरळ होत नाई." माय सकाळी लसूण-ओवा घालून तेल कढवायची आणि वाटी माझ्या हाती द्यायची. मालिश करताना वारं लागू नये, म्हणून दार लावून घ्यायचं. तेच माझ्या पथ्यावर पडलं.

मला किळस यायची. कशाची सांगू? हाताखाली मळाच्या वळ्या निघायच्या, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळायची. ज्याच्या खांद्यावर बसून मी पोळा पाहिला — त्याच्याच पायाची किळस? तीन दिवस चोळलं. चौथ्या दिवशी बोट टेकवलं आणि मागे घेतलं. पण वाटी तर रिकामी दिसायला हवी! ओतणार कुठे? सारवलेल्या भुईवर डाग पडला असता. म्हणून मी ते — माझ्याच पायांना चोळलं. पोटऱ्या, गुडघे. खालून वर, अगदी नियमानं. आणि खरं सांगू? बरं वाटलं.

"झालं का रे?" माय दाराबाहेरून विचारायची.

"हो माय."

रिकामी वाटी पाहून ती म्हणायची, "सारं जिरवलं रे पोरानं."

असे आठ महिने. बाबांचा गुडघा वाकत गेला, तो वाकतच गेला. मग बाबाही गेले. तिरडीवरही सरळ झाला नाही. पांढऱ्या कापडाखाली तंबूसारखा उभा राहिला. लोक म्हणाले, पोरानं करायचं तेवढं केलं.

पण एक सकाळ सांगायची राहिली. ती गाळली तर हे कसलं सांगणं?

मी बाजेच्या कडेला बसून पोटरी चोळत होतो. बाबा पाहत होते — रोजच पाहायचे, बोलणार कसे? त्या दिवशी त्यांचा चालता डावा हात माझ्याकडे सरकला. वाटलं, आता मारतात. हात माझ्या तेलकट पोटरीवर आला आणि हळूहळू चोळू लागला. लहानपणी मी बाजारातून चालून दमलो की चोळायचे, तसाच. खालून वर.

मी पाय मागे घेतला नाही. थोड्या वेळानं दुसराही पुढे केला.