दारातली तुळस

माय धारणीकडची कोरकू आदिवासी, बाप नांदगाव खंडेश्वरचा कुणबी. मी रांगत होते तेव्हाच बाप गेला आणि त्याच्या भावांनी मायला उंबरा ओलांडू दिला नाही. त्या घरचं पाणीसुद्धा मी कधी प्यायले नाही. सरकारदरबारी मात्र लेकरू बापाच्या जातीचं. आईची जात लावायची तर तिच्याच रीतीभातीत वाढलो हे दाखवून द्या.

अकोल्याला नर्सिंगची माझी सीट मायच्या जातीवर होती. पडताळणीत दावा टिकला नाही तर ती जाणार होती. चौकशीचा माणूस अमरावतीच्या आमच्या खोलीवर येणार असं कळलं आणि मायने घर डोक्यावर घेतलं. भिंती पुसल्या, देव घासले, शेजारणीच्या चांगल्या कपबशा मागून आणल्या. दारातल्या तुळशीच्या कुंडीला गेरू लावला. ही तुळस तिने प्रत्येक भाड्याच्या खोलीत वागवली होती, कारण दारात तुळस दिसली की घरमालक जात जरा कमी विचारतो. शाळेतल्या पोरी मला हसतील म्हणून ती माझ्याशी कधी कोरकूत बोलली नाही. मामाचा फोन आला तर बाहेर जाऊन बोलायची.

माणूस वाईट नव्हता. चपला बाहेर काढून आला, चहाचं कौतुक केलं. मग मला कोरकूत बोलायला सांगितलं. मला चार शब्द आले. लग्नातलं गाणं विचारलं, तेही येईना. शेवटी त्याने विचारलं, माणूस मेल्यावर तुमच्यात काय करतात? मी मायकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं तसा तो म्हणाला, "तुम्ही नाही. तिला सांगू द्या."

मला काय माहीत? आमच्या घरात मेला तो बाप, आणि त्याला त्याच्या लोकांनी नेला.

निघताना तो तुळशीपाशी थांबला. कोणी लावली, म्हणून विचारलं.

"म्याच लावली, साहेब," माय कौतुकाने म्हणाली. "एक दिवस पानी चुकवलं नाही."

त्याने ते लिहून घेतलं. तुळस कुणब्याच्या दारात असते, कोरकूच्या नाही, एवढं मलाही माहीत होतं. माय मात्र त्याला रस्त्यापर्यंत पोचवून आली.

मुलगी वडिलांच्या रीतीने वाढली आहे, असा निकाल आला. सीट गेली. कोणत्या वडिलांच्या? संताप घेऊनच मी नांदगावला गेले. म्हटलं, मग त्यांच्या जातीचे कागद तरी मिळू देत. काकाने फाटकातूनच विचारलं, "तुही माय कोरकीन. तुले आमच्यात कोन धरते?"

घरी आले तर माय विचारते, "काहून नाही म्हणले? आपलं काय चुकलं?" मी तिला तुळशीचं सांगितलं नाही. कधीच सांगितलं नाही.

गेल्या वर्षी माय गेली. मामाने तिला गावी नेलं. पुढे कोरकूंच्या रीतीने तिच्या नावाचा सागाचा खांब कोरून झाला, त्यावर घोडा, वर चंद्र-सूर्य. झाडाखाली तो उभा करताना मामा एकेक गोष्ट सांगत गेला आणि मी तसंतसं करत गेले. हळद कुठे लावायची, तांदूळ कुठे ठेवायचे, तोंड कुठे करायचं.

त्या साहेबाने शेवटी विचारलेलं आता मला सगळं सांगता येतं. पण ते शिकायला माय जावी लागली.