बांधावरची पाटी

शेवटच्या दिवशी सकाळीही आम्ही रोजचंच केलं. मी मातीची पाटी उचलून बायकोच्या डोईवर दिली, तिनं ती नदीकाठच्या बांधावर ओतली, पायांनी थापली आणि पंचगंगेला दोन शिव्या हासडल्या. साऱ्या करवीर संस्थानात नदीशी भांडण धरलेली बाई ही एकच. पाणी चढलं की कुंभारगल्लीतल्या बाया खण-नारळ घेऊन नदीची ओटी भरायला निघत, ही रिकाम्या हातानं जायची आणि कमरेवर हात ठेवून विचारायची, "न बोलावता चुलीपतूर येतीस, आन वर तुला खण पायजे व्हय गं?" बाया कानांवर हात ठेवत. मी मागं मुकाट उभा, कारण घरी गेल्यावर भाकरी हिच्याच हातची खायची होती.

पण नदीवरचा राग निवायचा. बांधावरचा कधी निवला नाही. महाराजांच्या राज्यात काठाला बांध घालायचं ठरलं, तो घालायला एक ओव्हरसियर आला. बड्या लोकांच्या आमराईपाशी बांध दोन पुरुष उंच, आणि आमच्या गल्लीपाशी आला की बसलेल्या म्हशीएवढा! ही त्याला थेट देवळाच्या दीपमाळेपाशी घेऊन गेली. मोठ्या पुराच्या साली शेजारची पोरं आणि आमच्या कोंबड्या गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून बाहेर काढल्या होत्या, त्या साली पाणी जिथं टेकलं तिथं हिनं गेरूची रेघ मारली होती. म्हणाली, "पावणं, पाणी हितपतूर आलतं. बांध एवढा करा." तो म्हणाला, "बाई, नकाशात इतकं पाणी दाखवलेलं नाही." "मग नदीला दावा की नकाशा. मला वाचाय येत न्हाय, तिला येत आसंल." तो हसला आणि घोड्यावर बसून गेला. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. भिजलेली चूल त्यानं कधी उन्हात वाळवली असती, तर हसला असता?

दुसऱ्या दिवसापासून हिची पाटी सुरू. रोज एक. सणाला खाडा नाही, लेकीच्या लग्नात हळदीच्या हातांनी टाकून आली. दारात दोन गाढवं होती. मी म्हटलं, त्यांच्यावर लाद. म्हणाली, "माती नेतील वो, पर शिव्या कोण देणार?" पावसात निम्मी माती वाहून जायची. गल्ली हसायची, मीही हसायचो. "अगं, असा बांध सात जन्मांत वर यायचा न्हाय." "सात जन्म तुमच्यासंगंच काढायचं हाईत की. घाई कशाला?"

बांध रेघेला अजून दोन हात कमी होता. त्या शेवटच्या दिवशी दुपारी तिला पटकी झाली आणि दिवेलागणीच्या आत माणूस संपलं. शेजारीण म्हणाली, "नदीचा कोप, भाऊजी. आता तरी तिची ओटी भरा." मी म्हटलं, "आधी त्या ओव्हरसियरची भरा, चिखलानं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतकात कुदळ घेतली. लोक नको नको म्हणत होते. माती खणली, पाटी काठोकाठ भरली, आणि मग ध्यानात आलं, डोईवर द्यायला कुणी नाही. निम्मी माती काढली, एकट्याला उचलेल एवढी ठेवली. बांधावर ओतली, थापली. नदीकडं बघून तोंड उघडलं, पण तिच्यासारखी शिवी एकही जमेना. रिकामी पाटी घेऊन घरी आलो.