अकरा पॉइंट दोन

पहिला महिनाभर मला रसायनशास्त्र अजिबात आवडलं नाही, आणि ते मी कुणापासून लपवलंही नाही. दहावीपर्यंत मी शेणव्याकडच्या शाळेत मराठीतून शिकलेली. आम्ल, आम्लारी, नत्रवायू यांच्याशी माझं बरं चाललं होतं. अकरावी-बारावीत त्यांची इंग्रजी नावं पाठ करून निभावलं. शहापूरला एफ. वाय. बी. एस्सी.ला गेले आणि पाठांतर पुरेना. सर फळ्याकडे तोंड करून सलग इंग्रजीत बोलायचे, वर्ग माना डोलवायचा. मी नाही डोलवली. हात वर करून सरळ म्हणायचे, सर, परत सांगा. चार-पाच वेळा पोरं हसली. मग त्यांच्या लक्षात आलं, मी विचारलं की त्यांनाही कळतं. हसणं बंद झालं.

प्रॅक्टिकल मात्र पहिल्या दिवसापासून माझं होतं. त्यातही टायट्रेशन. ब्युरेट नावाच्या उभ्या काचेच्या नळीतून अल्कली, म्हणजे आपली आम्लारी, थेंब थेंब खालच्या फ्लास्कमधल्या अ‍ॅसिडमध्ये सोडायची. फिकट गुलाबी रंग येऊन टिकला की हात थांबवायचा आणि किती अल्कली लागली ते नळीवर वाचायचं. एक थेंब जास्त गेला की सगळं गडद गुलाबी, मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटचा थेंब मला अर्धासुद्धा सोडता यायचा. हे मी आजही मिरवून सांगते, कारण ते खरं आहे.

असं तीनदा करायचं. वहीत खाली एक चौकट असायची, सी. बी. आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. तिन्ही रीडिंग सारखी आली पाहिजेत अशी अपेक्षा. ती तशी क्वचितच येतात, हे सगळ्या बॅचला ठाऊक होतं. म्हणून मुलं एकदा करायची आणि तोच आकडा तीनदा लिहायची. मी तीनदा करायचे आणि जे येईल ते लिहायचे. त्यापायी माझ्या जर्नलवर वर्षभर लाल शेरे पडले.

माझ्या शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण असायची. ती टोकावड्याची, कॉलेजसाठी शहापुरात मावशीकडे राहिलेली. स्वभावाने गरीब, ब्युरेटला घाबरायची. डबा मात्र आमचा एकच.

घरी माझं वर्ष पणाला लागलं होतं. मोठा भाऊ वाशिंदच्या कारखान्यात होता. त्याने तिथे पॅकिंगमध्ये माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, एक जरी विषय राहिला तरी जूनपासून कामावर जायचं. राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्षात जायची ए.टी.के.टी. त्यांना मान्य नव्हती. थिअरीत मी काठावरच असणार होते. जो काही आधार होता तो प्रॅक्टिकलच्या मार्कांचा.

परीक्षेला आमची बॅच दुपारची. गेटजवळ वडापावच्या गाडीपाशी मैत्रीण माझी वाट बघत उभी होती. मला बाजूला ओढून तिने कानात सांगितलं, अकरा पॉइंट दोन. सकाळच्या बॅचचं रीडिंग फुटलं होतं आणि सगळ्यांनी तळहातावर लिहून घेतलं होतं. मी लिहिलं नाही, पण ऐकलं तर होतंच.

माझं पहिलं रीडिंग आलं नऊ पॉइंट चार. माझंच चुकलं असं वाटून ब्युरेट पुन्हा भरली. दुसरं आलं नऊ पॉइंट पाच. तेव्हा मी बाटल्यांच्या फळीकडे पाहिलं. अल्कलीची बाटली बदललेली होती, लेबलही कोरं करकरीत. सकाळचं संपलं म्हणून दुपारी नवीन द्रावण केलं असणार, आणि ते जास्त तीव्र, म्हणून कमी लागत होतं. शेजारी मैत्रीण अकरा पॉइंट दोन दुसऱ्यांदा लिहीत होती. मी तिच्याकडे पाहिलं, आणि परत माझ्या ब्युरेटकडे वळले. तिसरं रीडिंग आलं नऊ पॉइंट तीन.

परीक्षक बाहेरच्या कॉलेजातून आलेले, मुंबईकडचे. माझा पेपर बघून त्यांनी चष्मा काढला. सगळ्यांचं एक आणि तुमचंच वेगळं, शिवाय तीनही वेगवेगळी, सी. बी. आर. कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. वर्षभर मी व्हायव्हासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, इंग्रजी वाक्यं घोटली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"सर, तांदूळ तीनदा मापला तरी माप थोडं हलतंच," मी म्हणाले. "मी काय केलं नाय, आलं तसं लिवलंय. परत करून दाखवू?"

'नाय' आणि 'लिवलंय' तोंडातून गेल्यावर कान तापले, पण शब्द परत घेतले नाहीत. ते म्हणाले, दाखवा. त्यांच्यासमोर केलं, नऊ पॉइंट चार आलं. त्यांनी प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांना बोलावून विचारलं. दुपारी नवीन द्रावण केल्याचं मामांनी सांगितलं. मग परीक्षकांनी अख्ख्या बॅचला आपल्यासमोर एकेक रीडिंग घ्यायला लावलं. मैत्रिणीला शेवटचा थेंब आवरला नाही. तिचा फ्लास्क गडद गुलाबी झाला, पुन्हा केला तरी तसाच. तिचे निम्मे मार्क गेले.

निकाल लागला तेव्हा मी सगळ्या विषयांत पास होते. केमिस्ट्री प्रॅक्टिकलला कॉलेजात पहिली. वाशिंदचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. मैत्रिणीची केमिस्ट्री राहिली. पुढच्या वर्षी ती कॉलेजला आली नाही.

पण परीक्षेच्या दिवशी हे काही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी नेहमीसारख्या एस. टी. स्टँडपर्यंत चालत गेलो. माझी गाडी लागलेली होती. ती म्हणाली, "तुला कळलं होतं ना गो? मग मला का नाय सांगलंस?"

परीक्षकांना मी ताडकन उत्तर दिलं होतं. तिला म्हणाले, परीक्षेत बोलायला बंदी असते. तिने मान हलवली आणि माझी पिशवी माझ्या हातात दिली. बंदी होतीच, पण नुसतं खोकले असते तरी तिने वर पाहिलं असतं. माझं एकटीचंच रीडिंग बरोबर यावं असं मला वाटत होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.