वैशूचा गाळ

आमच्या कृषी केंद्रासमोर दोन बाकडी आहेत. तिथं पुतणीचा एक किस्सा सांगायला घेतला, की त्याच्या मागं आणखी चार येतात. गिऱ्हाईक ताटकळतं, पण ऐकल्याशिवाय हलत नाही!

पुतणी म्हणजे वैशू, दादाची पोरगी. राहणार पिंपळगाव राजा, अन् झाली समुद्रशास्त्रज्ञ! दक्षिण ध्रुवाकडच्या हिमनद्या वितळून मागं सरकतात, तेव्हा समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या जिवांचं काय होतं, ते ही बाई पाहते. एकदा जाऊन आली. आता दुसऱ्यांदा बोलावलंय, तर दादा अडून बसला.

"एक डाव गेली, पुष्कळ झालं. जहाजाले काही झालं तं मी कोनाले इचारू?"

आणि बापाचं मन मोडून वैशू जायची नाही.

*

पहिल्या वेळी वहिनीनं डबाभर ठेचा दिला होता. जहाजावरच्या एका गोऱ्या साहेबानं तो जॅमसारखा ब्रेडवर फासून खाल्ला! वैशू म्हणते, अंटार्क्टिकात बिनकोटाचा माणूस तिनं तेवढाच पाहिला.

*

एकदा बाकड्यावर बसून तिनं मोबाइलवर तिथला आवाज ऐकवला. तडतड, तडतड. मी म्हटलं, जवस भाजून राह्यले का?

"नाही काका. बर्फात अडकलेली हवा हाये. बर्फ वितळला का पाण्यात फुटते. हजारो वर्षांची जुनी!"

शंकरराव म्हणजे आमचे रिटायर्ड कंडक्टर, कुणाला न जुमानणारे. ते उठले अन् चपला काढून उभे राहिले.

"काऊन हो?" मी विचारलं.

"कोनाच्या जमान्याची हवा हाये बे! बसून ऐकू का?"

*

मग गाळाचा किस्सा. बर्फ वितळला की ढिगानं गाळ समुद्रात येतो, असं ती म्हणाली अन् सगळे सरसावून बसले! आमच्याकडं उन्हाळ्यात तलावातला गाळ मिळाला की शेत सुधारलंच समजा. ट्रॅक्टरवाल्या गजूला राहवेना.

"तिथं ट्रॅक्टर जाते का वं?"

"गजूभाऊ, थो गाळ मारते. तळाशी दगडाले चिकटून राहणारे जीव हायेत, पाण्यातलं बारीकसारीक गाळून खातात. गाळानं गुदमरतात."

"मंग उठून दुसरीकडं काऊन नाही जात?"

"पाय नाहीत ना, गजूभाऊ."

गाळ कुणाच्या जिवावर उठतो, हे आमच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

*

परवा दुपारी घरी तिनं लॅपटॉपवर मागच्या खेपेचा व्हिडिओ लावला. दादा पाठ करून बसलेला. कॅमेरा काळ्या पाण्यात खाली खाली गेला. तळाशी उघडाबोडका दगड, अन् त्यावर दुधी भोपळ्याच्या कळीएवढा एक जीव. तोंड उघडायचा, मिटायचा.

दादा कधी वळला कळलं नाही.

"हे इथलंच का?"

"नाही बाबा. इथं आतापर्यंत बर्फच होता. कुठून तरी वाहत आलं अन् चिकटलं."

"एकटंच?"

"या दगडावर एकटंच."

"अन् गाळ आला तं?"

"तेच पाहाले जायाचं होतं."

दादा बराच वेळ त्या इवल्या तोंडाकडं बघत राहिला. मग आत तोंड करून वहिनीला ओरडला,

"वैशूची बॅग काढ वं खाली! त्या लेकराचं तिथं कोनी नाही."