खरवड

टोरांटोहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती इराणी हॉटेलात बसली होती. "आई, हे बघ, तहदीग. भाताचा तळाचा थर. याच्यासाठी इथं लोक रांग लावतात." तिनं तो केशरी, खरपूस थर चमच्यानं मोडला. करकर आवाज झाला आणि मी जानेफळच्या आमच्या चुलीपाशी जाऊन बसले.

माझी मोठी बहीण भगोण्याच्या तळाची खरवड उलथन्यानं काढत होती. खरवडीवर ताईचा भारी जीव. एक पापुद्रा तोंडाशी नेला, तोच मायनं तिचा हात धरला.

"लग्नाले अठरा दिवस राह्यले, अन् खरवड खातं काय वं? मांडवात पाऊस येते."

"वैशाखात कुठला पाऊस, माय?" ताई हसली. तरी सगळी खरवड तिनं माझ्या ताटलीत टाकली. मी हावरटासारखी एकटीनं संपवली.

दोन दिवसांनी तिला ताप चढला. आठवड्यात ती गेली.

लग्नाची तिथी होती, त्याच दिवशी तिचा दहावा आला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पिंडाला कावळा शिवेना. शेवटी मायनं पदराखालून खरवडीचा तुकडा काढून ठेवला.

कावळा लगेच उतरला.